शेरा: दांडी बांधलेली आहे

पुरवणी जबाब

जबाब देणारी: नाव ठाण्याच्या नोंदवहीत वेगळे लिहून घेतले आहे, कामावर सगळे 'थोरली' म्हणतात. वय ४९. धंदा: नोकरी, धुलाई कारखान्यात इस्त्री विभागाची मुकादम. राहणार: कारखान्याच्या मागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरचा मजला. घरात दुसरे माणूस: धाकटी बहीण, वय ४१.

मी आज दुपारी चार वाजता या ठाण्यात बसून, कुणी शिकवल्याशिवाय, समक्ष सांगते की, माझा यापूर्वीचा जबाब याच टेबलावर पाच महिन्यांपूर्वी झाला आहे. तो खोटा आहे. तो मी का दिला आणि आज का बदलते, हे खाली सांगते. मॅनेजरचा उल्लेख मी एकेरीत करत आहे. तो तसाच लिहावा.

मी या कारखान्यात सोळा वर्षे आहे. दोन दवाखान्यांच्या आणि पाच हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे धुऊन, इस्त्री होऊन जातात. इस्त्रीची चार मशीन आहेत. प्रत्येकात कमरेएवढ्या जाडीचा, आत वाफ असलेला लोखंडी रूळ फिरत असतो. दोन बाया ओली चादर समोरून आत घालतात, दोन मागून घेऊन घडी करतात. रुळाच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात गरजेपेक्षा पुढे गेला की दांडी दाबली जाते आणि रूळ जागच्या जागी थांबतो. दांडी एवढ्याचसाठी आहे. तिचा दुसरा काही उपयोग नाही.

तीन नंबरच्या मशीनची दांडी मागच्या वर्षी त्रास देऊ लागली. चादरीची जाड शिवण लागली तरी रूळ थांबायचा. दिवसाला वीस-पंचवीस वेळा थांबायचा. मिस्त्रीने उघडून पाहिले आणि सांगितले की आतली स्प्रिंग गेली आहे, नवी बसवायला एक दिवस मशीन बंद ठेवावे लागेल. मॅनेजर तिथेच उभा होता. तो म्हणाला, "एक दिवस बंद ठेवून दवाखान्याला काय सांगू? पेशंटना उभं ठेवा म्हणून?" बाया हसल्या. मीही हसले. मग तो मला म्हणाला, "थोरले, बांधून टाक ती. तात्पुरती."

मी एका फाटक्या चादरीची पट्टी काढली, दांडी मागे ओढली आणि बाजूच्या खांबाला दोन गाठी मारून बांधली. मिस्त्री माझ्याकडे बघत होता. तात्पुरती बांधलेली दांडी सात आठवडे बांधलेली राहिली. त्या सात आठवड्यांत तीन नंबरचे काम सगळ्यांत जास्त निघाले आणि मॅनेजरने माझे दोनदा कौतुक केले.

धाकटी आधी दोन नंबरवर होती. तीन नंबरची एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून धाकटीला तिथे मी उभी केली. तिचा कारखान्यातला तो शेवटचा महिना होता. आमच्या खालचे शिंपीकाका तिला पुढच्या एक तारखेपासून कापड बेतायला दुकानात घेणार होते. ती रविवारी वर्तमानपत्रावर बाह्या बेतत बसायची. काका म्हणायचे, "हिच्या हातात कात्री दिली की मला खडू लागत नाही." घरात आम्ही दोघीच. ती मला ताई म्हणते.

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी धाकटीचा उजवा हात चादरीबरोबर रुळाखाली गेला. रूळ थांबला नाही. बंद करायचे लाल बटण मशीनच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी अकरा पावले धावले. ती पावले मी नंतर मोजली आहेत. धाकटी ओरडली नाही. ती फक्त "ताई, ताई" म्हणत होती, हळू आवाजात, घरात आतल्या खोलीतून हाक मारते तशी.

मिस्त्रीने रूळ उलटा फिरवून हात सोडवला. मी तिला धरून जमिनीवर बसले होते. तेवढ्यात मॅनेजर कात्री घेऊन आला. मला वाटले, चादर कापून तिला मोकळी करायला आला. त्याने खांबाची पट्टी कापली, दांडी जागेवर येऊ दिली, पट्टी पँटच्या खिशात घातली आणि मग गाडीसाठी फोन केला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. माझ्या मांडीवर तिचे डोके होते आणि मी त्याच्या खिशाकडे बघत होते.

डॉक्टरांनी त्याच दिवशी तिचा हात मनगटापासून काढला.

दवाखान्याच्या बाकावर मॅनेजर माझ्याशेजारी येऊन बसला. त्याने मला पाणी आणून दिले. म्हणाला, "थोरले, दांडी बांधली कुणी हे बाहेर आलं तर पहिलं नाव तुझं लागेल. मी तुला वाचवतोय, लक्षात घे. दांडी चालू होती, तिचाच हात घाईत गेला, एवढंच सांग. बाकी मी बघतो." मी ते पाणी प्यायले. चार दिवसांनी या टेबलावर त्याने सांगितलेलेच सांगितले. मला कुणी मारले नाही, धमकावले नाही. मला माझ्या नावाची भीती वाटली.

पाच आठवड्यांनी मालकाकडून धाकटीला पत्र आले. सदर इजा कर्मचारी बाईच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाली असल्याने कारखाना जबाबदार नाही, असे त्यात होते. सोबत माझ्या जबाबाची नक्कल जोडली होती. धाकटीने पाकीट दातांनी फोडले. मला फोडू दिले नाही. दोन्ही कागद वाचून तिने विचारले, "ताई, हे तू सांगितलंस?"

मी हो म्हटले.

"मी घाई केली असं?"

मी हो म्हटले.

त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाली, "भांडी तू घास. माझं कारण पक्कं आहे." ती असेच बोलते. पण त्या पत्राचा विषय तिने पुन्हा काढला नाही. शिंपीकाकांनी तोपर्यंत बेतायला दुसरा माणूस ठेवला होता. तिला जिन्यावरून येताना दिसू नये म्हणून त्याला आतल्या बाजूला बसवत. ती तरी रोज वाकून बघायचीच.

त्या अकरा दिवसांत मी ठरवले की मॅनेजरला सोडायचे नाही. मी नोकरी सोडली नाही. तो समोरून आला की पूर्वीसारखीच "साहेब" म्हणत राहिले.

मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांना सगळे खरे सांगितले, दांडी बांधल्याचेसुद्धा. त्या म्हणाल्या, "हलगर्जीपणा म्हणजे वाईट मनानं केलेलं काम नव्हे. त्या माणसाच्या मनात काय होतं, हे कुणी विचारणार नाही. चार प्रश्न विचारतील. काळजी घेण्याची जबाबदारी त्याची होती का? ती त्यानं मोडली का? मोडल्यामुळेच हे झालं का? आणि नुकसान काय झालं? चारांची उत्तरं मिळाली तर तो बांधला गेला." शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात बसले होते. बाकीच्या तिन्हींना पुरावा हवा होता. वकीलबाई म्हणाल्या, "त्याला धोका माहीत होता, किंवा कुठल्याही शहाण्या माणसाला तो कळला असता, हे दाखवावं लागेल. पट्टी त्याच्या खिशात गेली. तुमचा जबाब त्याच्या बाजूनं. मिस्त्री बोलेल?"

मिस्त्री बोलणार नव्हता. मी विचारले होते. त्याने हातातला पाना पुसला आणि म्हणाला, "मला तीन पोरी आहेत."

नंतरच्या आठवड्यात मॅनेजरने मला बोलावले आणि तीन नंबरची दांडी पुन्हा बांधायला सांगितले. स्प्रिंग अजून आलीच नव्हती. माझ्या बहिणीचा हात जाऊन त्या दिवशी पन्नास दिवस झाले होते. तो मोबाईलवर काहीतरी बघत बोलत होता. मी "बरं साहेब" म्हटले आणि बांधली. मला कळले होते की तो माझ्या हातात सापडला आहे.

इस्त्री विभागात मशीन तपासणीची एक वही असते. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मुकादमाने चारही मशीनपुढे शेरा लिहायचा आणि मॅनेजरने खाली सही करायची. सोळा वर्षे मी चारही ओळींत 'ठीक' लिहीत आले. त्या दिवसापासून तीन नंबरपुढे लिहू लागले: 'दांडी बांधलेली आहे. मॅनेजर यांच्या सांगण्यावरून.' पहिल्या दिवशी तेच पान उघडून मी वही त्याच्यापुढे केली. तो फोनवर कुणाला तरी हसून सांगत होता की माल वेळेवर पोचेल. त्याने न बघता सही केली.

दुसऱ्या दिवशीही केली. आठवडाभराने मी शेरा वाढवला: 'स्प्रिंग खराब. हात जाण्याचा धोका आहे, हे मॅनेजर यांना तोंडी सांगितले.' मी खरोखरच तोंडी सांगितले होते. तो म्हणाला होता, "अपघात रोज होतो का?" त्याने त्या शेऱ्याखालीही सही केली. महिन्याने मी लिहिले: 'याच दांडीमुळे पूर्वी माझ्या बहिणीचा हात गेला. तेव्हाही मॅनेजर यांच्या सांगण्यावरून मीच बांधली होती. नंतर त्यांनी पट्टी कापून खिशात घातली.' खाली त्याची सही, तारीख, आणि सहीखाली तो मारतो ती ऐटीतली रेघ.

मला त्यात मजा येऊ लागली. हे लिहावे का असे मला विचारण्यात आले. लिहावे. सकाळी उठल्यावर आज काय लिहायचे याचा विचार मी दात घासताना करत असे. त्याच्यासमोर वही धरून उभी राहताना मी त्याच्या शर्टाची बटणे मोजत असे आणि मनात म्हणत असे की अजून एक, अजून एक. संध्याकाळी घरी जाताना अंगात ताकद आल्यासारखी वाटे. धाकटीने एकदा विचारले, "हल्ली कामावरून खूश येतेस?" मी म्हटले, काही नाही.

तीन नंबरवर रुळासमोर मी स्वतः एकटी उभी राहत असे, लहान चादरी तेवढ्या घेत असे. दुसऱ्या कुणाला तिथे चादर घालू देत नसे. मुकादम असून स्वतः का उभी राहते असे बाया विचारत. मी सांगे की बसून पाय दुखतात. कुणालाही खरे कारण सांगितले नाही.

चाळीस सह्या झाल्यावर मी वहीचे फोटो वकीलबाईंना दाखवले. त्यांनी ते एकेक करून पाहिले. मग म्हणाल्या, "बाई, पहिल्या पाच सुद्धा पुरे होत्या. उद्या ही वही घेऊन ठाण्यात जा. पहिला जबाब बदला. आणि ती दांडी आधी सोडवा." मी म्हटले, शंभर होऊ द्या. त्या म्हणाल्या, "शंभर कशाला?" मी मोबाईल पिशवीत टाकला. त्या म्हणाल्या, "सूड हा प्रश्न त्या चार प्रश्नांत नाही." मी म्हटले, मला माहीत आहे. पुन्हा त्यांच्याकडे गेले नाही.

आज सकाळपर्यंत चौऱ्याण्णव सह्या झाल्या होत्या.

आज सकाळी नऊ वाजता धाकटीला कृत्रिम हाताचे माप द्यायला दवाखान्यात बोलावले होते. ती तारीख दोन महिन्यांपूर्वी मिळालेली होती. मी काल बायांना सांगितले की उद्या तीन नंबर बंद ठेवा. मॅनेजरला सांगितले की मशीनमधून आवाज येतो आहे, मिस्त्रीने बघेपर्यंत चालवू नका. दांडी बांधलेली आहे म्हणून चालवू नका, असे सांगितले नाही. दांडी मी सोडवलीही नाही. सोडवली असती तर पुढचा शेरा खोटा ठरला असता.

अठरा दिवसांपूर्वी आमच्याकडे एक नवी बाई लागली होती. वय अंदाजे पस्तीस. आधी बेकरीत पाव भाजायला होती. नवऱ्यापासून वेगळी राहते, आईला सांभाळते. मॅनेजरने आज सकाळी तिला तीन नंबरवर उभी केली. तिने आधी कधी तिथे काम केले नव्हते. बांधलेली दांडी तिला मशीनचाच भाग वाटली.

सव्वादहा वाजता धाकटी आणि मी माप देऊन बाहेरच्या बाकावर बसलो होतो. नव्या बाईला समोरच्या दारातून चाकाच्या खुर्चीवर आणले. हाताला कारखान्याचा टॉवेल गुंडाळलेला होता. तिने मला ओळखले. ती म्हणाली, "थोरल्या ताई, हात आत गेला तरी ते थांबलंच नाही. मला वाटलं थांबतं." सोबतच्या बाईने तिला आत नेले. तिची दोन बोटे गेली आहेत, करंगळी आणि तिच्या शेजारचे. डॉक्टर म्हणाले की तिने दुसऱ्या हाताने चादर ओढून धरली म्हणून बाकीचा हात वाचला.

धाकटी माझ्याकडे बघत होती. तिने विचारले, "कुठलं मशीन?"

मी म्हटले, तीन नंबर.

"बांधलेली होती?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

मी तिला वहीबद्दल सांगितले. सगळे सांगितले, चौऱ्याण्णवपर्यंत. मला वाटले होते, हे ज्या दिवशी तिला सांगेन त्या दिवशी ती माझा हात धरेल. धाकटीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ताई, तो न वाचता सही करत होता. तू तर लिहीत होतीस."

एवढे बोलून ती उठली आणि नव्या बाईला नेले त्या दारातून आत गेली.

मी दवाखान्यातून ठाण्याला फोन केला आणि रिक्षाने कारखान्यात गेले. साडेअकरा वाजता पोचले. तीन नंबर बंद होते. पट्टी अजून खांबाला होती. मॅनेजर कात्री घेऊन येतच होता. मी मशीनला पाठ लावून पट्टीसमोर उभी राहिले. वही मी आधीच टेबलावरून उचलून पोटाशी धरली होती.

तो म्हणाला, "थोरले, बाजूला हो."

मी म्हटले, "नाही होत."

तो म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे का? बांधलीस तू. नाव तुझं येणार."

मी म्हटले, "येऊ दे. तुझ्या नावाशेजारीच येऊ दे."

सोळा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केले. त्याने माझ्या हातातली वही बघितली. मी ती उघडून बहिणीच्या हाताबद्दल लिहिलेला शेरा त्याला मोठ्याने वाचून दाखवला, आणि खालची सहीही दाखवली. बाया काम थांबवून ऐकत होत्या. त्याने कात्री टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसला. त्याचा चेहरा कसा झाला ते मी नीट बघून घेतले. त्यासाठीच मी इतके दिवस थांबले होते. मला वाटले होते त्यापेक्षा तो चेहरा फार कमी वेळ टिकला. मग तो नुसता घाबरलेला एक माणूस दिसू लागला.

मिस्त्री येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. तो म्हणाला, "मीही सांगेन." दीड वाजता पोलीस आले. पट्टी, दांडी आणि खांब यांचा पंचनामा माझ्यासमोर झाला. वही मी स्वतः ताब्यात दिली.

विचारल्यावरून सांगते की, हा जबाब दिल्याने माझ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो हे मला समजावून सांगितले आहे. मला ते आधीपासून माहीत आहे. वकीलबाईंचे चार प्रश्न मी आज त्या मशीनला पाठ लावून उभी असताना स्वतःला विचारले. नव्या बाईची काळजी घेणे माझे काम होते. मी ते केले नाही. दांडी मोकळी असती तर तिची बोटे गेली नसती. दोन बोटे गेली. कुठल्याच उत्तरात मला सुटायला जागा नाही.

विचारल्यावरून पुढे सांगते की, माझ्या बहिणीच्या हाताबद्दल आणि नव्या बाईच्या बोटांबद्दल माझी मॅनेजरविरुद्ध तक्रार आहे. तो शेजारच्या खोलीत बसला आहे, त्याचा खोकला मला इथे ऐकू येतो आहे. त्याच्यावर माझी दया नाही. उद्या त्याने माफी मागितली तरी मी तक्रार मागे घेणार नाही. माझ्या वाट्याचे मी भोगेन, पण त्याच्या वाट्यातले कणभरही माझ्या नावावर लिहू नये, आणि माझ्यातले त्याच्या नावावर लिहू नये. धाकटीचा हात घाईने गेला हे वाक्य कागदावरून कायमचे जावे. ती कधीच घाई करत नाही.

धाकटी इथे आलेली नाही. ती नव्या बाईच्या खाटेपाशी आहे. मी फोन केला तेव्हा तिने तो उचलला, आणि म्हणाली की नव्या बाईच्या आईला घेऊन यायला कुणी नाही, जबाब संपला की तू जा. पत्ता तिने सांगितला आहे. मी जाणार आहे, मला जाऊ दिले तर.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी हवालदारांनी, मी सह्या पुरावा जमवण्यासाठी घेत राहिले, असे चांगल्या मनाने लिहिले होते. ते मी खोडायला लावले. त्या जागी, पहिल्या चाळीस पुराव्यासाठी आणि नंतरच्या चौपन्न सुडासाठी, असे लिहून घेतले आहे. खोडलेल्या ओळीशेजारी माझी सही आहे. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे.